चढ वाटून घ्यावा : नेरळ ते माथेरान



'नागमोडी' हा शब्द आपण सर्वांनीच शाळेत शिकलेला आहे. 'डोंगरातून नागमोडी वाट जाते' असे वाक्यही पाटीवर लिहिलेले आहे. आमचे प्राथमिक शाळेतले गुरुजी आता निवृत्त आहेत; पण गावच्या शाळेच्या बाईंनी बोलावले की अजूनही हौसेने वर्गावर जातात. अशाच एका दिवशी सातवीतल्या एका मुलीने त्यांना विचारले, "गुरुजी, वाट नागमोडीच का नेतात? सरळ का नाही नेत? सरळ गेलं तर लवकर नाही का पोचणार?"

गुरुजींनी उत्तर दिले, पण ते त्यांच्याच मनाला पटले नाही. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "तू कॉलेजात शिकवतोस. या वर्षीची सहल माथेरानला न्यायची असं बाईंच्या मनात आहे. तिथं डोंगर चढणारी छोटी गाडी आहे. त्या पोरीला उत्तर तिथंच देता येईल. पण मुलांना नेण्याआधी आपण दोघं एकदा पाहून येऊ."

शिक्षकाने आधी स्वतः वाट चालून पाहावी आणि मग मुलांना न्यावे, ही गुरुजींची जुनी शिस्त. तेव्हा डिसेंबरातल्या एका रविवारी मी, गुरुजी आणि आठवीत शिकणारा त्यांचा नातू असे तिघे जण गावातलीच एक जीप ठरवून निघालो. त्या एका दिवसात आम्ही मोटारीने घाट उतरलो, रेल्वेने डोंगर चढलो आणि पायी खाली आलो. पायी येताना माझ्या चुकीने एक प्रसंगही ओढवला. तो पुढे येईलच. चढ म्हणजे काय, आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हे त्या दिवशी आम्हांला कसे उमगले, एवढेच आज मला सांगायचे आहे.

आमचे गाव खेड तालुक्यात. पहाटे चारला निघालो. चाकण, तळेगाव, लोणावळा हा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. लोणावळा-खंडाळ्याला आपण सह्याद्रीच्या माथ्यावर असतो आणि खोपोली पायथ्याशी. मध्ये साडेपाचशे मीटरांच्या आसपास उतार आहे. हा बोरघाट. व्यापाराची ही वाट फार जुनी. पण चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला १८३० साली, आणि त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १८६३ मध्ये, याच घाटातून आगगाडी धावू लागली. आजही मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावतात, आणि ती गाडीला ढकलत वर आणतात. का? तर या घाटात रुळांचा कडक चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते.

आपल्याला वाटेल, यात विशेष ते काय? बैलगाडी याहून कितीतरी उभा चढ चढते. पण बैलाचा खूर मातीत रुततो. आगगाडीचे चाक लोखंडी, रूळही लोखंडी, गुळगुळीतावर गुळगुळीत. सपाटीवर हाच गुण उपयोगी पडतो, कारण ओढायला जोर थोडा लागतो. चढावर मात तोच गुण आड येतो. चाक जागच्या जागी फिरू लागते आणि गाडी पुढे सरकत नाही. रुळावर दव पडले असेल, ओला पाला पडला असेल, तर पाहायलाच नको. म्हणून इंजिनात वाळू ठेवलेली असते आणि घसरणीच्या जागी ती रुळावर सोडतात. चिखलात ट्रॅक्टर अडकला की आपण चाकाखाली पाचट टाकतो, तशातलाच प्रकार.

खोपोलीहून कर्जत, कर्जतहून नेरळ. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसू लागतो. माथा पाटासारखा सपाट आणि कडा तासलेल्या. 'माथ्यावरचे रान' ते माथेरान, असा नावाचा अर्थ सांगतात. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्ये या डोंगरावर गेले, आणि तिथून पुढे थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरान वसत गेले. भोवतालच्या वाड्यांतले ठाकूर, कातकरी आणि धनगर त्याआधीपासून या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहत होते, हे इथेच सांगून ठेवतो.

नेरळ स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे. माथेरानचे स्थानक सुमारे ८०० मीटरांवर. म्हणजे चढायचे साडेसातशे मीटरांहून थोडे अधिक. नकाशावर सरळ रेघ मारली तर दोन्ही स्थानकांतले अंतर सहा-सात किलोमीटर भरते. पण रुळांची लांबी आहे सुमारे २० किलोमीटर! सहा-सात किलोमीटरच्या कामाला २० किलोमीटर कशाला? त्या मुलीचा प्रश्न नेमका हाच होता.

गुरुजींनी फलाटावरच नातवाला हिशेब घातला. वीस हजार मीटरांत साडेसातशे मीटर चढायचे, तर सरासरीने २६-२७ मीटरांना १ मीटर. प्रत्यक्षात काही जागा सपाट आहेत, त्यामुळे इतर जागी चढ जास्त, आणि कडक चढ आहे २० ला १. बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. उटीच्या रेल्वेत याहूनही उभा चढ आहे, तो सुमारे १२ ला १. पण तिथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर जाते. माथेरानच्या गाडीला असा कसलाच आधार नाही. नुसत्या चाकाच्या पकडीवर ती चढते. तेव्हा वाट लांबवणे आणि वळवणे, एवढाच उपाय उरतो.

ही रेल्वे बांधली मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला १६ लाख रुपये, आणि तो या कुटुंबाने केला. रुळांमधले अंतर फक्त दोन फूट, म्हणजे ६१ सेंटिमीटर. इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याची होती. वळणावर त्यांचे आस थोडे बाजूला सरकत, अशी त्यांची खास रचना होती. आता डिझेलची इंजिने आहेत.

दोन फुटांचाच रूळ का, हेही समजून घेण्यासारखे आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. आगगाडीची समोरासमोरची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. एक फिरले की दुसरे तितकेच फिरते. पण वळणावर बाहेरचा रूळ लांब असतो आणि आतला आखूड. घोड्याच्या नालेसारखे अर्धे वर्तुळ घेतले, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब भरतो? रुळांमधल्या अंतराला २२/७ ने गुणा. वळण मोठे असो की लहान, उत्तर तेच येते. मोठ्या रेल्वेचे रूळ सुमारे १६८ सेंटिमीटर अंतरावर असतात. तिथे हा फरक सव्वापाच मीटरांहून जास्त येतो. माथेरानच्या रुळांवर तो दोन मीटरही नाही. चाकाची कड किंचित निमुळती केलेली असते, त्याने ही तूट थोडी भरून निघते. बाकीची चाकाला घासत, कुरकुरत सोसावी लागते. रूळ जितके जवळ, तितकी ही ओढाताण कमी, आणि तितके वळण लहान घेता येते. कड्याच्या कुशीत ऐसपैस वळणाला जागा कुठे? म्हणून रूळ अरुंद. फळ्यावर दोन वर्तुळे काढा, सुतळी लावून मोजा. मुले ही गोष्ट जन्मभर विसरणार नाहीत.

गाडी सुटली. तिचा वेग असा की शेजारून पळणारा मुलगा काही वेळ बरोबर राहील. वीस किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात. पहिले स्थानक जुम्मापट्टी. मग वॉटर पाइप. इथे पूर्वी वाफेची इंजिने पाणी घेत. वाटेत एकच बोगदा लागतो, तोही एवढासा. साहेब लोकांनी त्याला एक थट्टेचे नाव ठेवले आहे. ते इथे सांगत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना हसू येईलच. वळणावर मागच्या डब्यातून पुढचे इंजिन दिसते, जणू आपलीच गाडी उलट दिशेने निघाली आहे! खाली नेरळ दिसते, पुन्हा दिसते, आणखी एकदा दिसते, आणि दर वेळी थोडे लहान झालेले असते. गुरुजी खिडकीला चिकटून बसले होते. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण दर वळणाला नातवाच्या आधी मान बाहेर काढत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, ही तर आपली समपातळी चराची युक्ती!"

शेतकरी बंधूंनो, गुरुजींचे हे वाक्य मला फार आवडले. उताराच्या रानात आपण चर कसे काढतो? उताराच्या दिशेने नव्हे. उताराला आडवे, पातळी धरून. पाणी सरळ खाली धावले की माती नेते. आडवे थांबवले की जिरते. माथेरानची रेल्वे असाच डोंगराचा पातळी-पातळीचा उतार धरून जाते, फक्त किंचित तिरकी. चढ तोडता येत नाही. तो वाटून घ्यावा लागतो, आणि तो वाटून घ्यायला लांबी लागते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

पण डोंगरावर वाट कोरली की डोंगराचे पाणी त्या वाटेच्या मागे लागते. २६ जुलै २००५ च्या महापुरात या रेल्वेखालची भर ठिकठिकाणी वाहून गेली, आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. २०१६ मध्ये डबे रुळांवरून उतरल्यामुळे गाडी थांबवली गेली. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला. नेरळहून गाडी परत धावू लागली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंदच ठेवतात. वरच्या अमन लॉज ते माथेरान एवढ्या तुकड्यावर तेवढी फेरी चालते.

अमन लॉजजवळ दस्तुरी नाका आहे. नेरळहून येणारा मोटाररस्ता इथे संपतो. हा रस्ता सात-आठ किलोमीटरांत सगळा डोंगर चढतो. म्हणजे अदमासे दहा-अकरा मीटरांना एक मीटर. रबरी टायर डांबराला धरून ठेवतो, म्हणून मोटारीला हे जमते. पुढे मात गावात मोटारींना बंदी आहे. ही बंदी जुनी आहे, आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, तेव्हा तिला आणखी बळ मिळाले.

नाजूक म्हणजे काय? सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, काळ्या कातळाचा बनलेला आहे. माथेरानच्या माथ्यावर या काळ्या कातळावर जांभा दगडाची टोपी आहे. उष्ण हवेत आणि मुबलक पावसात कातळ युगानुयुगे कुजला, त्यातले इतर घटक धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो हा जांभा. म्हणून तिथली माती तांबडी. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या घट्ट कातळाला लागून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. या मातीला धरून ठेवतात ती जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे. त्याच झाडांवर शेकरू राहते, आपले राज्यप्राणी. झाड गेले, रस्ता सैल झाला, की तांबडी माती पहिल्याच पावसात खाली निघते.

पण मोटार नाही म्हणजे ओझे नाही, असे थोडेच आहे? गावात धान्य लागते, गॅसची टाकी लागते, पाहुण्यांच्या पेट्या लागतात. हे सारे घोड्यांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून आले. आणि कितीएक वर्षे इथे माणसाने माणसाला रिक्षात बसवून ओढले. रिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच न्यायालयाकडे दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या काही रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. एकीकडे माती, दुसरीकडे माणसाची पाठ, तिसरीकडे घोडेवाल्यांचे पोट. असा हा तिढा आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याने त्यावर निकाल देऊ नये. एवढे मात ध्यानात ठेवावे की आपण रिकाम्या हाताने झाडांच्या सावलीतून फिरतो, तेव्हा आपल्या पेटीचा चढ कोणीतरी चढलेला असतो.

हुतात्मा भाई कोतवाल यांचा जन्म याच माथेरानात १९१२ मध्ये, एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले. गोरगरिबांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या; बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. सहल माथेरानला नेणाऱ्या शिक्षकांनी पॉइंटांच्या नावांबरोबर हे नावही मुलांना सांगावे.

आता माझ्या चुकीकडे येतो. बेत असा होता की दुपारी एकला गार्बेट पॉइंटकडे निघायचे, तिथून डोंगराची पूर्वेकडची सोंड उतरून डिकसळ गावात यायचे आणि भिवपुरी रोड स्थानकावर लोकल पकडून एका स्थानकावरच्या नेरळला, आमच्या जीपपाशी, परतायचे. पण शार्लट तलावाचे पाणी पाहताना, पिसारनाथाचे दर्शन घेताना आणि जेवताना वेळ गेला. गुरुजी दोनदा म्हणाले, "निघायला हवं." मी म्हणालो, "उतारच तर आहे, काय लागायचं!" गार्बेटची कड सोडली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

त्या उतारावर दोन गोष्टी माझ्या ध्यानात राहिल्या नव्हत्या. पहिली, ही बाजू पूर्वेची. सूर्य मावळायच्या कितीतरी आधी तो डोंगराच्या आड जातो आणि वाटेवर सावली पडते. पश्चिमेला लोक सूर्यास्त पाहायला नुकते जमू लागतात, तेव्हा इथे पायाखालचा दगड नीट दिसेनासा होतो. दुसरी, चढताना दम लागतो, पण पाय टिकतात. उतरताना दम लागत नाही, पण गुडघे थकतात. गुरुजींचे गुडघे थकले होते.

मग मी चाल वाढवली. वाट एके ठिकाणी लांबलचक वळसा घेत होती आणि तो वळसा तोडून एक सरळ घळ खाली उतरत होती. घळीतही पावलांच्या खुणा होत्या. नातू म्हणाला, "काका, इकडून जाऊ?" मी मान हलवली. दिवसभर त्या मुलाला नागमोडी वाटेचे महत्त्व सांगणारा हाच तो प्राध्यापक!

घळीत सुटा मुरूम होता. गोट्यांवर पाय ठेवल्यासारखे झाले. मुलगा घसरला तो पंधरा-वीस फूट गेला. करवंदाची एक जाळी आडवी आली म्हणून थांबला. खाली काय होते, ते मी नंतर पाहिले, आणि गुरुजींना सांगितले नाही. हात सोलवटले होते, उजवा घोटा मुरगळून सुजला होता. पाय टेकवेना.

एवढ्यात खालच्या वाडीतला एक गृहस्थ माथेरानच्या बाजारातून रिकामी पाटी घेऊन घरी परतत होता. त्याने पाटी बाजूला ठेवली, घोटा चाचपला, गुरुजींच्या उपरण्याने घट्ट बांधला आणि मुलाला पाठीवर घेतले. घळीकडे हात करून मला म्हणाला, "ती पान्याची वाट हाय, मान्साची न्हाय." पुढे एक शब्द बोलला नाही. मुलाला पाठीवर घेऊन तो दर वळसा पुरा घेत होता; एकही वळण त्याने तोडले नाही. वाडीत बसून चहा झाला, आणि तिथून त्याने बॅटरीच्या उजेडात आम्हांला डिकसळपर्यंत पोचवले. गुरुजींनी त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले, तेव्हा तो हसला. म्हणाला, "घोडं केलं असतंत तर जास्त पडलं असतं," आणि पैसे घेऊन आल्या वाटेने परत डोंगराकडे निघाला. आमच्यामुळे तेवढा चढ त्याला त्या रात्री नव्याने चढायचा होता.

लोकलच्या बाकावर बसल्यावर मी गुरुजींची क्षमा मागितली. ते म्हणाले, "क्षमा राहू दे. हिशेब सांग. पन्नास किलोचा माणूस नेरळपासून माथेरानपर्यंत चढायला किती काम पडतं?" मी तोंडी मांडले. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार : पावणेचार लाख ज्यूलांच्या आसपास. शरीर खाल्लेल्या अन्नाचा अदमासे चौथा हिस्साच अशा कामी लावू शकते. तेव्हा साधारण तीन भाकऱ्यांचे बळ. "आणि वाट लांब घेतली तर उंचीसाठी लागणारं काम कमी होतं का?" मी म्हणालो, "नाही. उंची तीच, काम तेच. फक्त एका पावलावर पडणारा भार कमी होतो." "मग तो आपण वाटून घ्यायचा," गुरुजी म्हणाले, "नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर पडतो. आज पडला तसा."

त्या घळीविषयीही सांगायला हवे. अशा घळी पुष्कळदा आपणच करतो. एक माणूस वळसा तोडून सरळ उतरतो, त्याच्या मागून दुसरा. गवत मरते, माती उघडी पडते. पहिल्या पावसात पाणी त्याच रेषेने धावते. पाण्याचा वेग वाढला की दगड वाहून नेण्याची त्याची ताकद फारच झपाट्याने वाढते. दोन-चार पावसाळ्यांत पायवाटेची घळ होते आणि ती खालची वाट, बांध किंवा रूळ पोखरते. गुराख्यांची वाट असो की रेल्वे, नाश असाच सुरू होतो.

सहल पुढे जानेवारीत गेली, पण बेत बदलून. नेरळहून सुटणाऱ्या गाड्या थोड्या आणि जागा मोजक्या. चाळीस मुलांना एकदम जागा मिळेलच, असा भरवसा धरू नये. म्हणून बाईंनी मुलांना वाहनाने दस्तुरीला नेले, आणि तिथून अमन लॉज ते माथेरान एवढा प्रवास छोट्या गाडीने घडवला. चालणे ठेवले ते माथ्यावरच. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, कड्यापाशी कठड्याच्या आतच उभे राहायचे, रुळांवरून चालायचे नाही, माकडांना खाऊ दाखवायचा नाही, आणि दुपारी तीननंतर नवी वाट धरायची नाही. हा शेवटचा नियम माझ्या खर्चाने आला आहे, तो आपण फुकट घ्यावा.

ज्या शाळांना माथेरान दूर पडते, त्यांनीही खंत करू नये. एक मीटर लांबीची फळी घ्या. तिचे एक टोक पाच सेंटिमीटर उचला. तो माथेरानच्या रेल्वेचा चढ. पावणेतीन सेंटिमीटर उचला, तो बोरघाटाचा. नऊ-दहा सेंटिमीटर उचला. तो दस्तुरीच्या मोटाररस्त्याचा. तिन्ही चढांवर एक गोटी सोडून पाहा. मग मुलांना घेऊन गावच्या टेकडीवर जा, दोरी आणि पाण्याची अर्धी भरलेली बाटली पातळीसाठी घ्या, आणि देवळाकडे जाणाऱ्या वाटेचा चढ किती ला एक आहे, ते काढा. वाटेत कोणी वळसा तोडून घळ पाडली असेल, तर तिच्या तोंडाशी चार दगड आणि काटेरी फांद्या आडव्या टाकून या. तेवढ्यानेही पुढच्या पावसाळ्यात थोडी माती जागेवर राहील.

तो प्रश्न विचारणारी मुलगी सहलीला आली होती. परतल्यावर तिने वहीत लिहिले, 'वाट नागमोडी असते, कारण डोंगर एकदम उचलता येत नाही.' गुरुजींनी त्याखाली तांबड्या शाईने बरोबरची खूण केली आणि ती वही मला मुद्दाम दाखवायला आणली. नातवाचा घोटा महिन्याभरात बरा झाला.